दक्षिणेची बाल्कनी आणि मान टाकणारे टोमॅटो: फोंड्यातल्या एका घराचे प्रकरण

हे प्रकरण गोव्यातल्या फोंडा शहरातल्या एका फ्लॅटमधले आहे. कुटुंबाची ओळख पटू नये म्हणून नावे, इमारत आणि काही किरकोळ तपशील गाळले आहेत. माणसांना नात्यानेच ओळखू: सासूबाई, सून, मुलगा आणि खालच्या मजल्यावरच्या वहिनी. बाल्कनीतल्या बागेचे काय बिघडले ते पाहायला मला बोलावले तेव्हा अर्धी झाडे मेलेली होती आणि सोसायटीचे पत्र येऊन पडले होते. त्याआधीचे सगळे त्यांच्या सांगण्यावरून आणि सुनेच्या मोबाइलमधल्या फोटोंवरून जुळवले आहे. फोटोंवर तारखा असतात, त्याचा फार उपयोग झाला. कोणते झाड आधी सुकले यावर घरात एकमत नव्हते.

पार्श्वभूमी

सासूबाई मूळच्या डिचोली तालुक्यातल्या एका गावच्या. घरामागे मोठे परस. वायंगणात, म्हणजे पावसाळ्यानंतरच्या हंगामात, तांबडी भाजी, मुळा, वांगी, मिरची, अळसांदे (चवळी), आणि पावसात कुंपणावर दोडकी नि तवशी (काकड्या), असे त्यांचे आयुष्य गेले. गुडघ्यांनी साथ सोडल्यावर त्या मुलाकडे तिसऱ्या मजल्यावर राहायला आल्या. लिफ्ट आहे, पण माती नाही. सून शाळेत शिकवते. घरी काहीतरी पिकवावे ही कल्पना दोघींचीही, मात्र बाग दोघींच्या मनात वेगवेगळी होती. सुनेला टोमॅटो, ढोबळी मिरची, लेट्यूस आणि बेझिल हवे होते. सासूबाईंना तांबडी भाजी, पानओवा आणि नागपंचमीच्या पातोळ्यांसाठी हळदीची पाने.

बाल्कनी साधारण बारा फूट लांब आणि चार फूट रुंद. तोंड दक्षिणेला. डोक्यावर चौथ्या मजल्याच्या बाल्कनीचा पूर्ण स्लॅब. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तीच कामाला येणार आहे.

पैसे वाचवण्यासाठी त्यांनी हे सुरू केले नव्हते, हे बरेच झाले. गोव्यात खाल्ली जाणारी बरीचशी भाजी बेळगावहून येते आणि फलोत्पादन महामंडळाच्या गाड्यांवर ती सवलतीच्या दराने मिळते. तिथल्या टोमॅटोशी कुंडीतला टोमॅटो भावात कधीच टक्कर देऊ शकत नाही. कुंडी, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), खत आणि रोपे यांचा खर्च धरला तर पहिल्या वर्षी तर मुळीच नाही. बाल्कनीत पिकवायचे ते ताजेपणासाठी, चवीसाठी, आणि बाजारात वेळेवर न मिळणाऱ्या पानांसाठी.

सुरुवातीचे दोन निर्णय

पहिला निर्णय जागेचा. जानेवारीच्या शेवटी दोघींनी बाल्कनीत उभे राहून ऊन पाहिले. सकाळी उशिरापासून दुपारपर्यंत सगळी फरशी उन्हाने भरलेली होती, भिंतीपर्यंत. “एवढं ऊन आहे तर टोमॅटो का नाही येणार?” हा सुनेचा प्रश्न त्या दिवशी अगदी रास्त होता. नर्सरीतून टोमॅटोची रोपे आली, ढोबळी मिरची आली, सासूबाईंच्या आग्रहाखातर दोन वांग्यांचीही आली.

दुसरा निर्णय मातीचा. नर्सरीतले तयार मिश्रण महाग वाटले. शिवाय सासूबाईंचा विश्वास स्वतःच्या परसावर. मुलगा एका रविवारी गाडी घेऊन गावी गेला आणि जिथे वर्षानुवर्षे वांगी-मिरची होत आली त्याच वाफ्यातली माती पोत्यांत भरून घेऊन आला. माती दिसायला उत्तम होती: शेणखत मुरलेली, काळपट लाल, भुसभुशीत. कुंड्या भरल्या. त्या एकमेकींना चिकटून एका लांब ट्रेमध्ये ठेवल्या, म्हणजे फरशी खराब होणार नाही.

हे दोन्ही निर्णय त्या वेळी शहाणपणाचे वाटावेत असेच होते. निष्काळजीपणा कुठेच नव्हता, म्हणून तर पुढचा गोंधळ उलगडायला वेळ लागला.

अडचण कशी वाढत गेली

फेब्रुवारीभर झाडे जोरात वाढली. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यातल्या एका फोटोत टोमॅटोचे एक झाड दुपारी मान टाकून उभे आहे, पाने हिरवीगार. संध्याकाळी ते पुन्हा सावरले. सुनेने अर्थ लावला की उकाडा वाढलाय, पाणी कमी पडतेय. सकाळ-संध्याकाळ पाणी सुरू झाले. चार दिवसांनी ते झाड सावरेनासे झाले, तरीही पाने हिरवीच. मग शेजारचे झाड. मग वांग्यांतले एक.

शेतीच्या औषधांच्या दुकानातून बुरशीनाशक आणले गेले. दुकानदाराने झाड पाहिले नव्हते, “सुकतंय” एवढ्या वर्णनावर पुडी दिली. ते फवारले, मुळांशीही ओतले. काही फरक पडला नाही. त्यातच शेजारच्या कुणीतरी सांगितले म्हणून मासे धुतलेले पाणी घालायला सुरुवात झाली. गोव्यात कढीलिंबाला आणि मिरचीला बांगड्याचे पाणी घालण्याची पद्धत जुनी आहे, आणि उघड्या परसात ती चालूनही जाते. चार फुटांच्या बंदिस्त बाल्कनीत मात्र त्याने माश्या आल्या, मांजर आले आणि वास खालपर्यंत गेला.

पाणी वाढले तसा ट्रे भरून वाहू लागला. बाल्कनीचा पाणी जाण्याचा पाइप पानांनी तुंबलेला होता, त्यामुळे ते रेलिंगखालून खाली ठिबकले. खालच्या वहिनींनी आपल्या मुलाच्या शाळेचे पांढरे शर्ट दोरीवर वाळत घातले होते. चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) मातीचा लाल डाग ज्याने एकदा धुवून पाहिलाय त्याला पुढचे सांगायला नको. “टीचर, तुमच्या बागेला माझं काही म्हणणं नाही, पण माझे कपडे कोणी धुवायचे?” असे त्या दारात येऊन म्हणाल्या. आधी तोंडी सांगून झाले होते, मग सेक्रेटरींचे लेखी पत्र आले: बाल्कनीतून पाणी व मातीचा निचरा थांबवावा, अन्यथा कुंड्या हटवाव्यात.

थोडक्यात साखळी अशी झाली: झाड सुकले म्हणून पाणी वाढवले, पाणी वाढले म्हणून सुकणे पसरले, आणि तेच पाणी भांडणाचे कारण झाले. प्रत्येक पायरीवर घरच्यांनी चांगल्या मनाने थोडे जास्तच केले.

निदान

मी गेलो तेव्हा टोमॅटोचे एक झाड नुकतेच कोलमडलेले होते, त्यामुळे तपासणी सोपी झाली. जमिनीलगतचे खोड तिरके कापले. आतला भाग तपकिरी होता. कापलेला तुकडा स्वच्छ पाण्याच्या काचेच्या पेल्यात टोक बुडेल असा लटकत धरला. काही मिनिटांत कापातून दुधट धागे खाली उतरताना दिसले. हे जिवाणूजन्य मर रोगाचे लक्षण. रालस्टोनिया सोलानेसीरम हा जिवाणू मुळांवाटे आत शिरतो आणि पाणी वाहणाऱ्या नलिका बुजवतो. म्हणून पाने पिवळी न पडताच झाड कोमेजते आणि कुंडीत पाणी असूनही ते तहानलेलेच राहते. बुरशीनाशकाचा उपयोग न होण्याचे कारणही हेच: रोग बुरशीचा नव्हता.

हा जिवाणू ऊब आणि ओल यांत फोफावतो, मातीत वर्षानुवर्षे टिकतो, आणि टोमॅटो, वांगी, मिरची, बटाटा या एकाच कुळातल्या पिकांवर पडतो. कोकण-गोव्याच्या आम्ल, दमट मातीत तो जुना रहिवासी आहे. एका कुंडीतून दुसरीकडे जायला त्याला वाहते पाणी पुरते, आणि इथे सगळ्या कुंड्या एकाच ट्रेमधल्या पाण्यात पाय बुडवून बसल्या होत्या.

माती कुठली, हे विचारल्यावर सासूबाईच बोलल्या: “परसात दरवर्षी दोन-तीन झाडं अशीच मान टाकायची. उपटायची नि दुसरी लावायची, त्यात काय?” ही माहिती घरात पहिल्या दिवसापासून होती. ती विचारायचे कुणाला सुचले नव्हते. मोठ्या परसात तीस झाडांपैकी तीन गेली तर कुणी लक्ष देत नाही. बाल्कनीत सहापैकी तीन गेली की बाग संपते.

पण एवढ्यावर थांबलो असतो तर अर्धेच निदान झाले असते. ज्या झाडांना मर लागली नव्हती त्यांनाही फळ धरत नव्हते. फुले यायची आणि देठासकट गळून पडायची. त्याची दोन कारणे होती, आणि दोन्ही पंचांगातली.

फोंडा साधारण १५.४ अंश उत्तर अक्षांशावर आहे. डिसेंबरच्या शेवटी माध्यान्हीचा सूर्य दक्षिणेकडे झुकलेला असतो, क्षितिजापासून सुमारे ५१ अंश उंचीवर. कुंडीच्या तोंडापासून वरचा स्लॅब साडेसहा फूट उंच धरला, तर त्या दिवसांत ऊन बाल्कनीत पाच फुटांहून आत शिरते, म्हणजे चार फुटांची बाल्कनी पूर्ण भिजते. २१ मार्चला सूर्य ७५ अंशांच्या आसपास चढतो आणि ऊन दोन फुटांपेक्षा जास्त आत येत नाही. एप्रिलच्या मध्याला रेलिंगलगत जेमतेम आठ-नऊ इंचांची पट्टी उरते. मेच्या सुरुवातीला सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत माध्यान्हीला तो उत्तरेला असतो. सकाळ-संध्याकाळही तो ईशान्येला उगवून वायव्येला मावळतो. त्या तीन महिन्यांत दक्षिणेच्या बाल्कनीला उजेड भरपूर मिळतो, ऊन मुळीच मिळत नाही. जानेवारीत पाहिलेले ऊन खरे होते, पण ते हंगामी भाडेकरू होते.

दुसरे कारण रात्रीचे. टोमॅटोला फळ धरायला रात्री थोडी थंड लागते. रात्रीचे तापमान २४-२५ अंशांच्या वर राहू लागले की परागकण नीट काम करत नाहीत आणि फूल गळते. गोव्यात मार्च सरता सरता रात्री तशाच होतात. म्हणजे जानेवारीच्या शेवटी लावलेले टोमॅटो फुलावर येईपर्यंत ऊनही मागे सरले आणि गारवाही गेला. माती निरोगी असती तरी पीक जेमतेमच आले असते.

पुढे काय करता येईल: तोललेले पर्याय

पहिला पर्याय मुलाने मांडला: सगळे गच्चीवर हलवू. गच्चीवर दिवसभर ऊन, हे खरे. पण इमारतींच्या रचनेसाठीच्या भारतीय मानकात, आयएस ८७५ च्या दुसऱ्या भागात, वावर असलेल्या गच्चीसाठी धरलेला भार दर चौरस मीटरला १.५ किलोन्यूटन, म्हणजे साधारण दीडशे किलो आहे. ओल्या मातीचा एक फूट जाडीचा वाफा त्याच्या तिप्पट जातो. सुट्या, हलक्या कुंड्या तुळयांवर पांगून ठेवणे वेगळे आणि वाफे करणे वेगळे. शिवाय गोव्यातला पाऊस वर्षाला तीन हजार मिलीमीटरच्या घरात, आणि गच्च्या गळतात. या इमारतीनेही गळतीला कंटाळून गच्चीच्या बऱ्याच भागावर पत्रे घातले होते. उरलेला भाग पाण्याच्या टाक्यांचा. आधीच पत्र पाठवलेल्या सोसायटीकडे गच्ची मागायची, हाही प्रश्न होताच. पर्याय बाजूला पडला.

दुसरा, सुनेचा: पाण्यावरची, मातीविना शेती (हायड्रोपोनिक्स) आणि दिवे. लेट्यूस आणि बेझिल त्यात छान येतात. पण पावसाळ्यात वीज वारंवार जाते, पंप थांबला की उकाड्यात मुळे लवकर कुजतात, आणि सासूबाईंना यात हात घालायला काहीच उरले नसते. खर्चापेक्षा हे शेवटचे कारण मला जास्त महत्त्वाचे वाटले. बाग मुळात कुणासाठी होती?

तिसरा: तीच माती शुद्ध करून वापरायची. पारदर्शक प्लास्टिकखाली माती कडक उन्हात पाच-सहा आठवडे तापवली की बरेच रोगजंतू आणि तणबिया मरतात. त्यासाठी ऊन हवे, आणि नेमके तेच बाल्कनीतून गेले होते. खाली आवारात करता आले असते, पण या जिवाणूच्या बाबतीत तेवढ्याने खात्री देता येत नाही.

चौथा: टोमॅटो-वांगी कायमची सोडून फक्त पाने पिकवायची. पाचवा: पाने मुख्य, आणि टोमॅटो फक्त थंडीत, नव्या मातीत, रोगाला तोंड देणाऱ्या वाणाचा. बेंगळुरूच्या भारतीय बागायती संशोधन संस्थेचा अर्का रक्षक हा संकरित टोमॅटो पर्णगुच्छ विषाणू, जिवाणूजन्य मर आणि लवकर येणारा करपा या तिन्हींना तोंड देतो. रान वांग्याच्या खुंटावर कलम केलेली टोमॅटोची रोपेही याच कारणासाठी वापरली जातात, पण दोन कुंड्यांसाठी ती शोधत फिरणे त्यांना नको वाटले.

माझे मत चौथ्याकडे झुकत होते. पहिले वर्ष हातून गेलेल्या माणसाला लगेच यश दिसावे, आणि पाने ते लवकर देतात. सुनेने पाचवा निवडला. “टोमॅटो नसेल तर मला बाल्कनीत यावंसंच वाटणार नाही,” हे तिचे उत्तर होते, आणि ते मान्य करण्यासारखे होते.

काय केले

आधी शेजार. हा क्रम मी मुद्दाम लिहितो आहे, कारण अशा प्रकरणांत झाडांचेच आधी पाहिले जाते. पाइप साफ केला, त्याच्या तोंडावर जाळी बसवली. लांब ट्रे काढून टाकला. प्रत्येक कुंडी विटेच्या तुकड्यांवर उचलून तिच्याखाली स्वतंत्र बशी दिली. बशीत पाणी साचले की डास होतात, आणि उबदार हवेत अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात. म्हणून बश्या दर दोन दिवसांनी रिकाम्या करण्याचे काम मुलाने घेतले. पावसाळ्यात बश्या काढूनच ठेवायच्या असे ठरले. माशांचे पाणी बंद. सून खाली जाऊन वहिनींना पाइप कुठे उतरतो ते दाखवून आली. पत्राला लेखी उत्तरही दिले: काय केले, कधी केले. माझ्या अनुभवात, सोसायटीतला अर्धा राग पत्राला उत्तर न मिळाल्याचा असतो.

मग माती. रोगट माती कुठे टाकायची, हा प्रश्न लहान दिसतो पण तसा नाही. आवारातल्या फुलझाडांत ती ओतली असती तर तिथे मिरची लावणाऱ्या कुणाच्या तरी माथी रोग गेला असता. ती आवारातल्या माडांच्या आळ्यात घातली. माडाला हा जिवाणू लागत नाही. मेलेली झाडे कंपोस्टात न टाकता पिशवीत बांधून कचऱ्यात दिली. कुंड्या घासून, ब्लीचच्या पाण्यात बुडवून, खाली आवारात कडक उन्हात वाळवल्या. कात्री आणि खुरपेही त्याच पाण्यातून काढले.

नवे मिश्रण बनवताना वजनाचा विचार आधी केला. त्याच मानकात निवासी बाल्कनीसाठी दर चौरस मीटरला ३ किलोन्यूटन, म्हणजे तीनशे किलोच्या आसपास भार धरलेला आहे. पण समुद्राच्या खाऱ्या हवेत जुन्या सळ्या गंजलेल्या असतात, तेव्हा त्या आकड्याच्या जवळपासही जायचे नाही. बारा इंची कुंडी नुसत्या मातीने भरून भिजवली तर तीस किलोपर्यंत जाते. कोकोपीट जास्त घातले तर त्याच्या निम्म्यावर येते. म्हणून दोन भाग कोकोपीट, एक भाग चाळलेले शेणखत, एक भाग चिऱ्याची बारीक खडी आणि मूठभर लिंबोळी पेंड. नदीची वाळू गोव्यात आता सहज मिळत नाही, आणि समुद्राची वाळू मिठामुळे चालत नाही. खडी मात्र बांधकामांवर मिळते. कोकोपीटमध्येही क्षार असतात, ते दोन-तीन पाण्यांतून धुवून घेतले. सासूबाईंनी गावच्या चुलीतली राख आणवली आणि प्रत्येक कुंडीत चिमूटभर टाकली. त्याने पालाश मिळते आणि आम्लपणा थोडा उतरतो, पण जास्त झाली तर नुकसान, म्हणून चिमूट त्यांच्याच हाताची ठेवली.

तिसरे काम उन्हाची नोंद. सुनेने फरशीवर रांगोळीच्या खडूने दर महिन्याला, सुट्टीच्या एका दिवशी, दुपारच्या उन्हाची कड आखायला सुरुवात केली. खडू पुसला जाई म्हणून नंतर चिकटपट्ट्या आल्या. दिवसातून किती तास थेट ऊन पडते तेही ती लिहीत गेली. फळभाज्यांना सहा तास तरी हवेत, पालेभाज्यांचे तीन-चार तासांत भागते, आणि काही झाडे नुसत्या उजेडावर राहतात. या तीन गटांत झाडे वाटली की कोणत्या महिन्यात काय लावायचे हा वाद आपोआप मिटतो.

मेच्या शेवटी हळद आणि आले लावले, भिंतीकडच्या सावलीत. दोन्हींना अर्धी सावली मानवते. अळूचे दोन कंद, पानओवा, पुदिना. ५ जूनच्या सुमारास पाऊस आला आणि नैर्ऋत्येचा वारा थेट बाल्कनीत घुसू लागला. पुदिना आणि ओवा पाण्याने झोडपून कुजायला लागले, तेव्हा रेलिंगलगतच्या कुंड्या आत घेतल्या आणि पाणी घालणे जवळपास थांबवले. खडी थोडी जास्त घातली असती तर बरे झाले असते. हवेतच इतकी ओल असते की कोकोपीट आठवडाभर वाळत नाही.

ऑक्टोबरमध्ये ऊन पुन्हा आत सरकू लागले तेव्हा वायंगण सुरू झाला. तांबडी भाजी पसरट कुंड्यांत, दर पंधरा दिवसांनी थोडी थोडी पेरलेली. धणे चुरडून, रात्रभर भिजवून. मुळा फक्त पाल्यासाठी. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून आणलेले गावठी मिरचीचे बी. आणि रेलिंगच्या आत, सगळ्यात जास्त ऊन मिळणाऱ्या कोपऱ्यात, अर्का रक्षकची दोन रोपे, प्रत्येकाची कुंडी आणि बशी वेगळी. रेलिंगच्या बाहेर पेट्या लटकवण्याचा बेत रद्द केला: तिसऱ्या मजल्यावरून ओली कुंडी पडली तर काय होईल, यावर घरात चर्चा करावी लागली नाही.

निष्पत्ती

हळदीची पाने नागपंचमीला लहान होती, त्या पातोळ्या विकतच्या पानांत झाल्या. चवथीपर्यंत (गणेश चतुर्थीपर्यंत) मात्र पाने हातभर झाली आणि खालच्या वहिनींकडेही गेली. त्यांच्याशी संबंध पूर्ववत झाले असे म्हणणे धाडसाचे होईल. पाण्याची तक्रार पुन्हा आली नाही, एवढे नक्की.

थंडीत तांबडी भाजी पेरणीपासून महिन्याभरात काढायला येत गेली. चौघांच्या जेवणाला एका वेळची भाजी, आठवड्याला एकदा, कधी दोन आठवड्यांनी. कोथिंबीर नोव्हेंबर ते फेब्रुवारी विकत आणावी लागली नाही. मार्चमध्ये ती फुलावर गेली आणि संपली. मुळ्याचा पाला चांगला आला. मिरचीवर पिठ्या ढेकूण आला, साबणाच्या पाण्याने पुसून काढावा लागला, तरी झाड टिकले. ढोबळी मिरची आणि लेट्यूस पुन्हा लावले नाहीत. बेझिल सुनेने एका कुंडीत ठेवले आहे आणि ते तुळशीशेजारी मजेत आहे.

दोन टोमॅटोंपैकी एकाने जानेवारीत बऱ्यापैकी फळे दिली. दुसरे उंच वाढत गेले, आधार तोकडा पडला आणि वाऱ्यात मुख्य फांदी मोडली. मर कुठेच दिसली नाही. वाणामुळे की नव्या मातीमुळे, हे यावरून सांगता येत नाही. दोन्ही एकाच वेळी बदलले होते.

सासूबाईंना हे सगळे “खेळण्यातलं परस” वाटते. पण सकाळी सून शाळेत गेल्यावर बाल्कनीतली खुर्ची त्यांची असते, आणि पेरणीची तारीख त्याच ठरवतात.

वेगळे काय करता आले असते

पहिले मान टाकलेले झाड दिसले त्या संध्याकाळी पाण्याऐवजी बोट मातीत खुपसले असते, तर बरेच वाचले असते. माती ओली असून झाड सुकलेले असेल तर पाणी हा उपाय नव्हेच. ते झाड मुळासकट काढून पेल्याची चाचणी केली असती तर बाकीची कदाचित राहिली असती. ही चाचणी घरच्या घरी होते आणि फुकट आहे. खात्री नसेल तर विभागीय कृषी कार्यालयात किंवा जुने गोवे येथील कृषी विज्ञान केंद्रात झाड घेऊन जावे, वर्णन नव्हे.

परसातली माती आणणे मुळातच चूक होते असे मी म्हणणार नाही. वांग्याच्या वाफ्याऐवजी केळीच्या किंवा अळूच्या कडेची माती आणली असती तर धोका बराच कमी झाला असता. तिथे गेली काही वर्षे काय पिकत होते, एवढे विचारायला हवे होते.

उन्हाबद्दल: वर्षभर थांबून नोंद करा आणि मग लावा, असे कुणी ऐकणार नाही, आणि ऐकूही नये. पण बाल्कनी कोणत्या दिशेची आहे आणि वर स्लॅब आहे का, एवढे कळले तरी अंदाज बांधता येतो. दक्षिणेच्या बाल्कनीत गोव्यात टोमॅटो लावायचाच तर रोप ऑक्टोबरच्या सुरुवातीला कुंडीत जायला हवे. याच इमारतीच्या उत्तर बाजूच्या बाल्कन्यांत सगळे उलटे असते: तिथे थंडीत ऊन नाही आणि मेमध्ये आहे. पूर्वेच्या बाल्कनीत वर्षभर सकाळचे ऊन मिळते, त्यामुळे तिथली उदाहरणे पाहून दक्षिणेच्या बाल्कनीत काही ठरवू नये.

पुढच्या वायंगणात टोमॅटोची दोन्ही रोपे पुन्हा अर्का रक्षकचीच लावायची, पण एक जुन्या कुंडीतल्या मिश्रणात आणि एक अगदी नव्या मिश्रणात, असे सुनेने ठरवले आहे. आधाराला या वेळी बांबू आधीच रोवायचा आहे. जुन्या मिश्रणाची कुंडी दुसऱ्या टोकाला, स्वतंत्र बशीत ठेवावी आणि तिला पाणी सगळ्यात शेवटी घालावे, एवढीच भर मी त्यात घातली.